सारांशाच्या पुढची पानं

माझी धाकटी बहीण बिडकीनला दिलेली. तिला सहावा महिना चालू असताना ताप भरला, तो उतरेचना. तिथल्या डॉक्टरांनी आधी साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या, मग डेंग्यूसाठी रक्त तपासलं. त्यातही काही निघालं नाही. शेवटी तिला उठून बसवेना, तेव्हा तिच्या नवऱ्यानं तिला गाडीत घालून शहरात आणलं. मी ज्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्याच्याच आवारातल्या हॉस्पिटलात.

"आपा, तुम्ही इथं आहात म्हणून इकडंच आणलं," ते म्हणाले. वाटेत चितेगावापाशी ती काहीबाही बरळायला लागली होती, असंही त्यांनी सांगितलं. ग्रंथालयात असणं म्हणजे डॉक्टर असण्याच्या जवळचंच काहीतरी, असं त्यांना वाटत असावं. मी तिचा हात धरला. हात तव्यासारखा तापलेला.

मेडिसिनच्या डॉक्टर मॅडमनी तिला नीट तपासलं. सलवारीची नाडी बांधतात तिथं, कातडीच्या घडीत, एक छोटी काळी खपली होती. विडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, म्हणून कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"गवतात गेली होतीस का गं?" मॅडमनी विचारलं.

"बकऱ्यांला गवत आणाया जाते ना रोज. बांधावर," बहीण कशीबशी म्हणाली.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला सांगितलं, "स्क्रब टायफस वाटतोय. गवतातला बारीक किडा चावतो, त्याचीच ती खपली. किडा डोळ्याला दिसत पण नाही. नेहमीचं औषध आहे ते पोटुशी बाईला शक्यतो देत नाही. दुसरं आहे, ते मी लगेच सुरू करतेय."

"आणि बाळ?"

"ताई, आत्ताच काही सांगत नाही. गरोदर बायकांमधल्या या तापावर एक लेख आलेला आठवतोय. तुम्हाला सापडला तर पाठवा मला. बाळंतपणाच्या विभागाशी बोलताना हाताशी असलेला बरा."

अम्मी उशाशी तसबीहचे मणी ओढत बसली होती. तिला 'येते' एवढंच सांगून मी ग्रंथालयात आले. काही करायला मिळालं म्हणून आधी बरंच वाटलं.

लेखाची नोंद सापडायला वेळ लागला नाही. डेटाबेसमध्ये मासिकाचं नाव, वर्ष, पानं आणि खाली सारांश, एवढंच असतं. एरवी मी सारांश वाचतच नाही, माझं काम नोंदीशी. त्या दिवशी वाचला. अगदी शेवटी एक वाक्य होतं. पाहिलेल्या बायकांपैकी बहुतेकींचा गर्भ वाचला नव्हता, काही आयाही दगावल्या होत्या.

समोर वाचनकक्षात मुलं परीक्षेचा अभ्यास करत होती, पंखे फिरत होते, आणि मला माझ्याच खुर्चीत बसवेना. ते वाक्य मी पुन्हा वाचलं. शब्द तेच.

नोंदीशेजारी आमच्या ग्रंथालयाचं बटण असतं. ते दाबलं की ती नोंद आमच्या यंत्रणेकडं येते. कुठलं मासिक, कुठला अंक, कुठलं पान, ते आपल्याकडं येतं का, हे यंत्रणा ताडून बघते आणि येत असेल तर सरळ पूर्ण लेखावर नेऊन सोडते. मी बटण दाबलं. उत्तर आलं, हा लेख ग्रंथालयात उपलब्ध नाही.

प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून थेट गेले, तर तिथं पैसे भरल्याशिवाय दार बंद. पण हे मासिक आपल्याकडं येतं, हे मला माहीत होतं. दुसऱ्या एका मोठ्या संग्रहातून येतं, मुलं वाचतात. मग अडतंय कुठं? मासिकाचा नोंदणी क्रमांक टाकून शोधलं तेव्हा कळलं, मधल्या काळात मासिकानं नाव बदललं होतं. नव्या नावाला क्रमांकही नवा. आमच्या यंत्रणेत जुनं नाव त्या वर्षापाशी संपलेलं, आणि नव्या नावाची कुणी जोडणीच केलेली नव्हती. मी नवं नाव घातलं, नवा क्रमांक घातला, तो संग्रह जोडला आणि बदल लागू होण्याची वाट बघत बसले.

तेवढ्यात अम्मीचा फोन. "क्या लिखेला है उसमें?"

"अभी देख रइ हूँ अम्मी."

"बच्ची को कुछ होता तो नई ना?"

"नई होता," मी म्हणाले. असं ठामपणे म्हणायला माझ्याकडं कसलाही आधार नव्हता.

मग बटण पुन्हा दाबायची वेळ आली, आणि माझा हात धजेना. त्या एका वाक्याचा एवढा धसका घेतलेला, मग आख्खा लेख काय दाखवील? न उघडता तसाच मॅडमना पाठवून द्यावा, असंही मनात आलं. पण उद्या अम्मीनं विचारलं तर तिच्या तोंडाकडं कसं बघायचं? दाबलं. लेख उघडला.

मी ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. बऱ्याच गोष्टी डोक्यावरून गेल्या. पण एक परिच्छेद कळला. ज्यांचं बाळ गेलं, त्यांतल्या बहुतेक जणी फार उशिरा आल्या होत्या, खपली कुणाला दिसलीच नव्हती, योग्य औषध सुरूच झालं नव्हतं. लवकर औषध मिळालेल्या थोड्याच होत्या. त्यांतल्या काहींची बाळं जगली होती. सगळ्यांची नाही. लेखात 'लवकर' म्हणजे किती लवकर, हे मी शोधत राहिले. माझ्या बहिणीचा ताप तर कधीचा अंगावर काढलेला. ती कुठल्या बाजूला मोडते, ते कोण सांगणार?

मी लेख मॅडमना पाठवला आणि पाठोपाठ वॉर्डात गेले. त्या मोबाईलवर वाचतच उभ्या होत्या.

"आपण दिलंय तेच औषध आहे यात," त्या म्हणाल्या. "आता वाट बघायची."

"मी सारांश वाचला होता, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तेवढाच वाचला असता, तर मलाही झोप लागली नसती."

नंतरचे दिवस बाळाच्या ठोक्यांवर काढले. सिस्टर पोटावर यंत्र टेकवायची, आधी नुसती खरखर, आणि तेवढा वेळ आम्ही कुणी श्वास घेत नसू. मग घोडा दौडल्यासारखा आवाज यायचा. अम्मी दर वेळी रडायची. ताप दोन दिवसांनी ओसरायला लागला, पुढं तिला घरी सोडलं. माझी भीती मात्र ओसरेना. बिडकीनहून फोन वाजला की मी उचलायच्या आधी भिंतीला टेकून उभी राहायची.

थंडीत बाळ झालं, दिवस भरण्याआधीच. मुलगी. मुठीएवढं तोंड. काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं, मग घरी सोडलं. बहिणीला त्या तापानंतर एका कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं, ते अजून पुरतं भरून आलेलं नाही.

मी पहिल्यांदा बिडकीनला भेटायला गेले तेव्हा ती चांगला कान उशीत दाबून कुशीवर झोपली होती, आणि शेजारी पोरगी टाहो फोडत होती. मी हलवून उठवलं, तर म्हणाली, "कवाची रडतीय ही?"

"लई वेळ झाला."

"मग उचलायचं ना, आपा," ती म्हणाली, आणि पोरीला छातीशी घेऊन हसायला लागली.