गोलामागची हिराआजी

काल घोंगडी उन्हात टाकली आणि लोकरीच्या त्या उबट वासाने आणे गावाच्या पठारावरची हिराआजी आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आणि माझा मित्र संदीप तिच्यावर एक छोटा माहितीपट करत होतो. गावातल्या मुलींची फुटबॉलची एकही मॅच ती चुकवत नसे. जन्मभर मेंढरं राखलेली ही आजी गोलाच्या मागे घोंगडी अंथरून बसायची. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की घोंगडी उचलून गोलकीपर रेश्माच्या मागोमाग पलीकडे जायची.

"आजी, इथंच का बसता?" एका मॅचला मी विचारलं.

"समद्या तिकडं पळत्यात. ही एकलीच ऱ्हाती बघ," ती म्हणाली.

त्या दिवशी अगदी शेवटी रेश्माच्या हातून चेंडू निसटला आणि संघ हरला. ती गुडघ्यांत डोकं घालून बसली. संदीप लांबून चित्रण करत होता, मी जवळच उभा होतो. आजी हळूहळू तिच्यापाशी गेली आणि मातीतच टेकली.

"लई वारं व्हतं गं. आन् मगाशी एवढे गोल अडवलेस, ते कुणी बघितले न्हाईत व्हय? म्या बघितले."

रेश्माने नाक पुसलं. "पुढच्या मॅचला येशील ना, आजी?"

"तू उभी ऱ्हा, मी बसते."

वाऱ्यामुळे आमच्या माइकवर यातलं काहीच आलं नाही. तेव्हा मला फार हळहळ वाटली. आता फिल्ममध्ये दोघींचे ओठ हलताना दिसतात, नुसता वारा ऐकू येतो. मग कुणीतरी विचारतंच, आजी काय म्हणाली? आणि मला ते सगळं पुन्हा एकदा सांगायला मिळतं.