लंकाबाईंची भरलेली बाटली

लंकाबाई मॅडमची पाण्याची बाटली रोज सकाळी नाशिकहून भरून निघायची, बसने सिन्नरला, तिथून जीपने शाळेत जायची आणि संध्याकाळी तशीच भरलेली घरी यायची. मग ते पाणी तुळशीला. तुळस अशी माजली होती म्हणता! डॉक्टरीणबाई मात्र लंकाबाईंवर करवादायच्या, "मूतखडा धरतोय. पाणी प्या, नाहीतर ऑपरेशन ठरलेलंच."

अहो, पाणी काय, प्यायलंही असतं. पण पुढचं काय? शाळेत संडास नव्हता; गडीमाणसं शेतात वळायची, पण बायकांना जायला जागाच नव्हती. सगळ्यात जवळचा संडास सगुणाबाईंच्या वस्तीवर. आणि सगुणाबाई पडल्या जीव लावणाऱ्या. दारात आलेलं माणूस चहाशिवाय गेलं तर त्यांना घास उतरायचा नाही. लंकाबाई मोकळ्या होऊन बाहेर आल्या की समोर चहाचा कप. नको म्हणावं तर, "आमच्या हातचं चालत नाय का, मॅडम?" झालं! चहा पिऊन शाळेत पोचेपर्यंत पुन्हा तीच गत. आगीतून फुफाट्यात! धाकट्या योगिनी मॅडमनी एकदा दुपारभर नुसत्या खेपाच घातल्या. तेव्हापासून दोघींनी शाळेत पाणी पिणंच सोडलं.

यंदा शाळेत महिलांचा संडास झाला. गुलाबी फरशी, नळाला धो धो पाणी. दारावर रिबन. आणि दाराला कुलूप!

"साहेबांच्या हस्ते उद्घाटन करायचं हाय," शाळा समितीचे अध्यक्ष सहादू आबा म्हणाले. "तवर कुणी पाय ठेवायचा नाय." किल्ली त्यांनी करगोट्याला बांधली. साहेबांची तारीख काही मिळेना. रिबन कापली की टाळ्या आणि स्वागतगीत, असा सराव करून करून पोरांचे घसे बसले, उन्हाने रिबनीचा रंग उडाला. इकडे लंकाबाईंच्या कुशीत मूतखड्याच्या कळा सुरू झाल्या.

"आबा, कुलूप काढा. का मला दवाखान्यात पोचवता आता?"

"जरा दम धरा, मॅडम. लय मोठा मान हाय गावाचा."

मेला तो मान! बाईमाणसाने दम तरी किती धरायचा?

लंकाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी पटांगणात समितीची बैठक बोलावली आणि आबांना पहिल्या खुर्चीत बसवलं. आधी चहा दिला. मग योगिनी मॅडमनी घरून आणलेलं ताक पुढे केलं. आबा नको म्हणताच लंकाबाई गोड आवाजात म्हणाल्या, "आमच्या हातचं चालत नाही का, आबा?"

त्या गावात या वाक्याला उत्तर नाही. आबा प्यायले. मग सगुणाबाई वस्तीवरून खास किटली घेऊन आल्या. मग उसाचा रस आला. लंकाबाईंनी प्रास्ताविक सुरू केलं, ते शाळेच्या स्थापनेपासून.

आबांची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी आशेने शेताकडे पाहिलं, तर चहूबाजूंनी कांद्याची लागण चाललेली. बांधापासून बांधापर्यंत बायकाच बायका. वर त्यातलीच एक ओरडली, "राम राम, आबा!"

"मॅडम, आटपा की," आबा कळवळले.

"जरा दम धरा, आबा."

आबा उठलेच. एका हाताने लेंगा सावरत, दुसऱ्याने करगोटा चाचपत असे पळाले की बैल उधळावा! कुलूप निघालं. रिबन कोण बघतो? ती छातीवर तुटली आणि आबांबरोबरच आत गेली.

वऱ्हांड्यात बसलेल्या पोरांना काय, सराव झालेलाच होता. रिबन तुटली रे तुटली, सगळी ताडकन उभी राहिली. टाळ्या झाल्या, आणि बसलेल्या घशांनी अख्खं स्वागतगीत झालं, कडव्यांसकट, दार उघडेपर्यंत.

आबा बाहेर आले ते खांद्यावर रिबन घेऊन. "मॅडम, आता साहेबांना काय सांगू?"

"सांगा, उद्घाटन झालं. अध्यक्षांच्याच हस्ते." लंकाबाईंनी हात पुढे केला. "तेवढ्याशा वेळात तुमचा जीव कासावीस झाला, आबा. आम्ही वर्षानुवर्षं अशाच शिकवतोय."

आबा खाली बघत करगोट्याची गाठ सोडू लागले. किल्ली हातात पडताच लंकाबाईंनी सगळ्यांसमोर बाटली तोंडाला लावली.

संध्याकाळी घरी हर्षालीने आईची बाटली उचलली आणि हलवून पाहिली.

"आई, सांडलं का गं?"

"नाही," लंकाबाई म्हणाल्या. "प्यायले. तुळशीला आज नळाचं घाल."