समुद्रातली तुटक रेघ

ताईच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला आहे हे कळलं, त्याच आठवड्यात तिनं मला कामाला जुंपलं. ती माझी मोठी बहीण, कॉलेजात इंग्रजी शिकवायची. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं तिनं एका प्राचीन ग्रीक महाकाव्याचं मराठी करण्यात घातली. लढाई संपवून घरी निघालेला एक राजा वर्षानुवर्षं समुद्रात भरकटतो, त्याची ती गोष्ट. मी मोजणी खात्यात नकाशे काढून निवृत्त झाले. दोघींच्याही मागे-पुढे कुणी नाही, म्हणून गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहतो.

"इतकी वर्षं मी त्याच्याबरोबर वल्ही मारतेय," ती म्हणाली, "ओळीमागून ओळ. तो कुठून कुठं गेला ते एकदा एका कागदावर बघू दे मला. दिसतंय तोवर."

मला वाटलं, हातचा मळ आहे. पण त्या राजाच्या गलबतानं मला मेटाकुटीला आणलं. कवी वाऱ्याची दिशा सांगतो, किती दिवस वाहत गेले ते सांगतो, बेटाचं नावही सांगतो. पत्ता तेवढा सांगत नाही. विद्वानांची पुस्तकं उघडली तर राक्षसाची एकच गुहा चौघांनी चार ठिकाणी ठेवलेली, आणि चौघांनाही खात्री. एकानं तर अख्खा प्रवास उचलून भलत्याच महासागरात नेऊन टाकला होता. त्यांची अंतरं मी जुळवायला बसले की गलबत डोंगरावरून न्यावं लागे. पट्टी खाली ठेवून मी नुसती बसून राही. या वयात हे झेंगट कशाला घेतलं गळ्यात, असं रोज वाटे.

आमच्या खात्यात एक रीत होती. हद्दीचा दगड सापडला नाही की शेजारच्या शेतकऱ्यांना बांधावर बोलवायचं. देवळ्याला कांद्याच्या वावरात उभी राहून मी कितीदा ऐकलंय, "बाई, दगड हितंच व्हता, माझ्या आज्यानं दावलेला हाय." दुसरा चार हात पलीकडे उभा राहून तेच सांगायचा, तोही आज्याच्याच नावानं. दोघांचं जुळलं तर नकाशात पक्की रेघ, नाही जुळलं तर तुटक. मी आयुष्यभर तसंच केलं आणि मला त्याचा अभिमान होता. आता या समुद्रात शेजारी कुठून आणायचे? म्हणून मी सगळाच प्रवास तुटक रेघेनं काढायला घेतला, आणि तोही पुसून पुसून.

"झाला का गं?" ताई विचारायची.

"व्हायचाय."

एकदा ती भडकली. "अगं, आपण नाशकात राहतो. पंचवटीत जाऊन विचार, नाक कुठं कापलं म्हणून. कुठलाही रिक्षावाला बोट दाखवेल. कुणी मोजणी मागतं का?"

"म्हणून मीही थापा मारू?"

"थापा कसल्या? हात जोडायला माणसाला कुठंतरी उभं राहावंच लागतं."

मला तिचा राग आला. पुरावा नसलेली रेघ मी कधी मारली नव्हती, आणि हिच्या हौसेपायी म्हातारपणी मारू? दोन दिवस आम्ही धड बोललो नाही.

थंडी सरता सरता नकाशा झाला. किनारे शाईनं, प्रवास बारीक तुटक रेघेनं, प्रत्येक बेटाशी छोटं प्रश्नचिन्ह. इतकं स्वच्छ काम मी नोकरीतही केलं नव्हतं. खिडकीपाशी टेबलावर पसरून ताईला बोलावलं. तिला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं, म्हणून मान तिरकी करून ती बराच वेळ वाकून राहिली.

"किनारा आहे," ती म्हणाली. "प्रवास कुठाय?"

"आहे ना. बारीक आहे, तुटक."

"नाही गं. समुद्र रिकामाच आहे."

मी उठले. लोणच्याच्या बरण्यांवर नावं घालायचा जाड काळा मार्कर स्वयंपाकघरातून आणला. चार गुहांमधली एक निवडली, का ते आजही सांगता येणार नाही. प्रश्नचिन्हांवरून, त्या स्वच्छ कामावरून, मी बेटामागून बेट ठसठशीत पक्की रेघ ओढत गेले ती थेट राजाच्या घरच्या बंदरापर्यंत.

ताईनं पुन्हा मान तिरकी केली. रेघेवरून बोट फिरवत ती सावकाश निघाली, मध्ये दोनदा थांबली, स्वतःशीच हसली.

"केवढा हिंडला गं," ती म्हणाली. "पोचला बाई एकदाचा."

मी मार्करला टोपण लावलं. तिनं माझ्याकडे तोंड वळवलं.

"रडतेयस का गं तू? तुझा चेहरा दिसत नाही आता, म्हणून विचारते."