उन्हात ठेवलेली बंदूक

कुणी काहीही गळके घेऊन आले, की तो आधी डोळे मिटायचा आणि ती वस्तू वरच्या ओठाजवळ धरायचा. फवारणीचा पंप असो, स्टोव्ह असो, सायकलची ट्यूब असो. "बोटाले समजत नाही जी, ओठाले समजते," म्हणायचा. हवा नीट कळावी म्हणून त्याने मिशी कधी ठेवली नाही. गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचे पत्र्याचे दुकान होते. काम क्षणात संपते आणि माणसे मात्र तासभर उठत नाहीत, असे एखादे दुकान तुम्हीही पाहिले असेल.

माझे वडील त्या दुकानात निवृत्तीनंतरची सगळी वर्षे बसले.

वडील एसटीत ड्रायव्हर होते. घरी फारसे बोलत नसत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, मीही मुखदुर्बळच. वडिलांचा स्वभावच तसा, असे मी धरून चाललो होतो.

आमच्या भिंतीवर एक जुनी छर्र्याची बंदूक होती. खालचा दांडा पुन्हा पुन्हा ओढून तिच्यात हवा भरायची आणि मग चाप ओढायचा. गोंदियाच्या एका लाकूडवाल्याने गाव सोडताना ती वडिलांना दिली होती. लहानपणी मी तिच्याकडे नुसते पाहिले तरी वडील म्हणत, "हात नको लावू." मी लावला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती खाली काढली, तेव्हा छर्रा नळीतून निघून समोर अंगणातच पडत होता. त्यांनी ती गोणपाटात गुंडाळली आणि त्याच्याकडे नेली.

संध्याकाळी मी त्या रस्त्याने परतत होतो. बंदुकीचे सगळे भाग पोत्यावर सुटे पडले होते आणि माझे वडील हसत होते. चांगले दात दिसेपर्यंत.

"या मास्तर," तो मला म्हणाला. मी मास्तर नव्हे, पण पुस्तकांत असतो म्हणून तो तसे म्हणे. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो होतो. "मामाच्या बंदुकीले दमा झाला. तपासून राहिलो."

मामा म्हणजे माझे वडील. नाते काहीच नव्हते.

आतला चामड्याचा वायसर वाळून तडकला होता. त्याने नवा कापला. दट्ट्यापुढे आणखी एक चकती बसवून मधली रिकामी जागा भरून काढली, म्हणजे तीच हवा जास्त दाबली जाते. "कंपनीवाल्याच्या बापाले हे सुचलं नसतं," असे तो येईल त्याला ऐकवत होता. चामडे मऊ राहावे म्हणून वायसर मोहाच्या बियांच्या तेलात भिजवला. पहिला छर्रा गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याच्या आरपार गेला. वडिलांनी तो डबा घरी आणून आईला भोक दाखवले. मी शेजारीच बसलो होतो.

मग थंडी पडली. मोहाचे तेल थंडीत तुपासारखे थिजते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. कंपनीवाल्याचा बाप काढणारा नेमके तेच विसरला. सकाळी दांडा कितीही ओढला तरी हवा धरेना, बंदूक नुसती फुस्स करी.

"हिले बी हीव लागते बाप्पा!" तो म्हणाला. आणि दोघांनी दुकानासमोर खाट टाकून बंदूक उन्हात ठेवली. खाटेवर मधे ती आणि दोन बाजूंना हे दोघे. तेल सुटेपर्यंत बसायचे, मग एखादा छर्रा मारायचा. अख्खा हिवाळा असाच गेला. पुढचेही.

मी एकदा थांबून म्हणालो, "मशीनचे तेल का घालत नाही? ते थिजत नाही."

दोघांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांच्याखालची खाट ओढली.

"काऊन जी? ऊन का विकत आणा लागते?" तो म्हणाला.

वडील म्हणाले, "त्याले करू दे त्याच्या मनानं. तू जाय. उशीर होऊन राहिला तुले."

मला उशीर होत नव्हता.

वडील गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तो इतका रडला, की लांबून आलेले लोक आधी त्याच्याच पाठीवर हात ठेवत होते. एकाने मला विचारले, "हा मोठा पोरगा का?" मी वंदनेला हात जोडून बसलो होतो. माझे डोळे कोरडे होते.

बंदूक दुकानातच होती, ती मी घरी आणली. पुढच्या हिवाळ्यात मी एकटाच ती अंगणात उन्हात ठेवून बसलो. तेल सुटले, हवा भरली, पण चाप ओढावासा वाटला नाही. दुसऱ्या दिवशी बंदूक घेऊन मी दुकानात गेलो.

त्याने ती ओठाजवळ धरली. गळत काहीच नव्हते. त्याने डोळे उघडले, खाट बाहेर काढली आणि म्हणाला, "बसा."

तेव्हापासून मी बसू लागलो. तो वडिलांविषयी सांगे. नागझिऱ्याकडच्या रस्त्यावर गाडीसमोर अस्वल बसून राहिले आणि मामांनी हॉर्न न वाजवता त्याच्या उठण्याची वाट पाहिली. मामांना पेटी शिकायची होती. प्रत्येक गोष्ट मला नवी होती, आणि मी ती दुसऱ्याच्या खाटेवर बसून ऐकत होतो. एकदा तो म्हणाला, "तुमच्यासमोर बोलाले भेव लागे मामाले. म्हणत, तो एवढं वाचते, मी काय सांगू त्याले?" त्या दिवशी मला त्याचा सगळ्यात जास्त मत्सर वाटला. माझ्याविषयीचे वाक्यसुद्धा त्याच्याकडे होते.

या वर्षी पावसात धानाची रोवणी चालू असताना तो गेला. दुकानातच छातीत कळ आली. मी त्याच्या घरी भेटायला गेलो. त्याची मुलगी गोंदियाला नर्स आहे. तिने पाणी आणून दिले आणि ती दाराला टेकून उभी राहिली.

"काका, तुमच्यापाशी बाबा काय बोलत होते जी? रोज इतका वेळ?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आमच्यासंगं तर बोलतच नव्हते. जेवाले चला म्हटलं तरी नुसती मुंडी हालवत."

आवाज साधाच होता. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती मी कित्येक हिवाळे त्याच्याकडे पाहताना वापरली होती.

मी सांगायला सुरुवात केली. आधी तिच्याविषयी तो जे बोलला होता ते. माझी पोरगी सुई टोचते तर लोकांले समजत बी नाही, असे तो गिऱ्हाइकांना सांगायचा. ती हसली नाही. बसलीही नाही. मी आठवून आठवून सांगत राहिलो. बाहेर बाया जमत होत्या, कुणीतरी तिला हाक मारली, ती गेली नाही. मी थांबलो, की म्हणायची, "मंग?"