पालिकेचं ऐकणारे सासरे

पालिकेच्या जनसंपर्क विभागात एक बाई अठरा वर्षं टायपिंगला होत्या. सगळं ऑफिस त्यांना सूचनाबाई म्हणायचं, कारण शहरातली प्रत्येक सूचना त्यांच्या टेबलावरून निघायची. उद्या पाणी येणार नाही, पूल दुरुस्तीसाठी बंद आहे, कुत्र्यांना लस टोचून घ्या, सगळं. साहेब मजकूर द्यायचे, बाई टाइप करायच्या आणि मग माइकसमोर बसून तोच कागद वाचायच्या, कारण विभागात खणखणीत आवाज तेवढा त्यांचाच. ते रेकॉर्डिंग भोंग्याच्या गाडीवरून गल्लीबोळांत वाजत फिरायचं.

म्हणजे सगळं गाव बाईंचं ऐकायचं. ऐकत नव्हते ते फक्त घरातले सासरे.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान बंद झालं तरी हात स्वस्थ बसेनात. गच्चीवर पत्र्याची एक खोली होती, तिथे डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर जुनी घड्याळं उघडून बसायचे. खिडकी बंद, पंखा बंद. वाऱ्यानं धूळ उडते आणि ती घड्याळाच्या पोटात जाते, हे त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी उन्हाळा असा तापला की दुपारी जिन्याच्या कठड्याला हात लावायची सोय राहिली नाही.

"बाबा, निदान बारा ते चार तरी खाली बसत जा," बाई म्हणाल्या.

"सूनबाई, या हाडांनी असे सत्तर उन्हाळे पाहिलेत," सासरे म्हणाले आणि स्क्रू शोधायला लागले.

रविवारी दुपारी गाडी गल्लीत आली. बाईंचाच आवाज सांगत होता, 'नागरिकांनी उष्माघातापासून बचावार्थ दुपारच्या वेळी अनावश्यक संचार टाळावा व द्रवपदार्थांचे पुरेसे सेवन करावे.' बाईंनी आशेनं गच्चीकडे पाहिलं. वरून सासऱ्यांनी डोकं बाहेर काढलं.

"संचार टाळा म्हणतायत. मी कुठे संचार करतोय? एका जागी तर बसलोय."

बाईंचाच कागद बाईंवर उलटला होता.

मंगळवारी ऑफिसात फोन आला. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई बोलत होत्या. सासरे जिना उतरताना मधेच मटकन खाली बसले होते. डोकं गरगरतंय म्हणत होते. बाई रिक्षा करून घरी पोचल्या तोवर मास्तरीणबाईंनी त्यांना पंख्याखाली निजवून मानेला आणि काखेत ओले पंचे लावले होते, शुद्धीवर आहेत पाहून घोट घोट पाणी पाजलं होतं. सासरे आता पंच्यातून पाणी गळतंय म्हणून कुरकुरत होते. ती कुरकुर ऐकून बाईंच्या जिवात जीव आला. डॉक्टर मात्र म्हणाले, "अजून अर्धा तास वर बसले असते तर थेट दवाखान्यात न्यावं लागलं असतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी कुणी न सांगता नवा मजकूर टाइप केला आणि साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी चष्मा वर केला.

"बाई, ही काय पालिकेची भाषा आहे?"

"नाही साहेब, घरातली आहे. पालिकेची माझ्या सासऱ्यांना कळली नाही." आणि त्यांनी जिन्यातली हकिकत सांगितली.

साहेबांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाले, "आमची आई चौथ्या मजल्यावर एकटी असते. एकट्या माणसांचं काहीतरी घाला यात." आणि सही करून टाकली.

गुरुवारी गाडी फिरली. 'बारा ते चार पत्र्याखाली बसू नका, खाली या. तहान लागली नसली तरी पाणी प्या. शेजारी कुणी एकटं राहत असेल तर दुपारी हाक मारा. ओ आली नाही तर दार वाजवा. गरगरलं, तर अंगाला ओलं फडकं लावा. बोलणं असंबद्ध झालं, तर वाट पाहू नका, अँब्युलन्स बोलवा. घरात गारवा नसेल तर पालिकेच्या वाचनालयाचा हॉल दुपारभर उघडा आहे. या, पंखे आहेत.'

शुक्रवारी पावणेबारा वाजता सासरे अवजारांची पेटी काखेत मारून निघाले.

"कुठे निघालात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"वाचनालयात. पालिकेनं बोलावलंय." दोन पायऱ्या उतरून ते पुन्हा वळले. "ती गाडीवरची बाई किती नीट समजावून सांगते बघा. आमच्या घरात ती रीतच नाही."

मास्तरीणबाईंनी हे संध्याकाळी सांगितलं तेव्हा सूचनाबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. सासऱ्यांना आवाज खरंच ओळखू आला नव्हता, की सुनेपुढे हार मानायची नव्हती, हे त्यांनी कधी विचारलं नाही. माणूस सावलीत बसलाय ना, मग पुरे.

वाचनालयात सासऱ्यांनी पंख्यापासून लांबचा कोपरा धरला. चार दिवसांत तिथे त्यांच्यासारखे सहा-सात जण जमले, कुणी बंद पडलेलं घड्याळ घेऊन, कुणी नुसत्याच गप्पा मारायला. पुढच्या आठवड्यात पाणी बंदची सूचना निघायची होती. साहेबांनी बाईंना बोलावलं, कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "तुम्हीच लिहा."