घरट्यांच्या रकान्यातली रेघ

मोजणीबाईची बोलणी निम्म्या शहराने खाल्ली होती, कारण निम्म्या शहराचं रक्त तिने तपासलं होतं. एकतीस वर्षं ती सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजत बसली. डाव्या हाताखाली खटक्यांचं छोटं यंत्र, शंभर पेशी झाल्या की टिंग वाजणारं. उपाशीपोटी बोलावलेला माणूस चहा पिऊन आला तर ती त्याला दारातूनच परत पाठवी, मग तो कुणाचा मेहुणा का असेना. तिने दिलेला आकडा कधी पुन्हा तपासावा लागला नाही, आणि हे स्वतःच्या तोंडाने सांगायलाही ती मागेपुढे पाहत नसे.

रविवारची सकाळ मात्र पक्ष्यांची. शहराच्या कडेला जुन्या बंधाऱ्याचा तलाव होता आणि एकोणीस वर्षं पक्षिमित्र मंडळाची मोजणी तिच्याकडे होती. थवा उठला की बाकीचे माना वर करून नुसते बघत राहायचे; ही ओठातल्या ओठात पुटपुटायची आणि थवा पुन्हा बसायच्या आत आकडा सांगायची. मोजणीबाई हे नाव मंडळानेच पाडलं. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणाला आठवत नव्हतं.

मंडळाची बैठक अध्यक्षांच्या दवाखान्यात भरे. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांच्या वेटिंग रूममध्ये प्लास्टरच्या जबड्यांच्या कपाटाशेजारी पक्ष्यांचे तक्ते टांगलेले होते, त्यामुळे दाढ दुखणारा माणूस गाल धरून बगळे बघत बसे. डॉक्टर बोलायला गोड. त्यांना सगळ्यांशी चांगलं राहायचं असे, आणि सगळ्यांशी चांगलं राहणाऱ्याइतका घातकी माणूस दुसरा नाही, असं मोजणीबाईचं मत पुढे झालं. आधी तसं नव्हतं. आधी ती त्यांना मान द्यायची.

आता रेघेचं सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी मंडळातल्या एका हौशी माणसाने टिबुकलीच्या घरट्याचा फोटो पेपरात दिला, तोही जागेसकट. टिबुकली म्हणजे कबुतराहून लहान पाणपक्षी. पाणकणसांच्या, म्हणजे काठच्या उंच गवताच्या, दाटीत पाण्यावर तरंगतं घरटं बांधते आणि उठताना अंड्यांवर शेवाळ ओढून जाते, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, कचरा साचलाय. पुढच्या रविवारी चाळीस जण कॅमेरे घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांनी शेवाळ बाजूला सारलं, अंड्यांचे फोटो काढले आणि घरी जाऊन जेवले. टिबुकल्या परत आल्या नाहीत. मोजणीबाईने ती गार पडलेली अंडी हातात घेऊन पाहिली आणि त्याच दिवशी नियम केला. मोजणीच्या तक्त्यात घरट्यांच्या रकान्यात आकडा लिहायचा नाही. नसतील तर शून्य, असतील तर आडवी रेघ. रेघ म्हणजे घरटी आहेत, तोंड बंद ठेवा. हा नियम कुठे लिहून ठेवला नव्हता, कारण लिहिला असता तर फुटला असता. खरे आकडे तिच्या स्वतःच्या वहीत असत.

बारा वर्षं त्या रेघेने पाणकणसांचं ते बेट राखलं. यंदा तिनेच घात केला.

एका बुधवारी मोजणीबाई बंधाऱ्यावर गेली तर तिथे नवा फलक. सोमवारपासून तलावातील पाणवनस्पती काढून नौकाविहारासाठी धक्का बांधण्यात येईल. पाणकणसांच्या बेटात पक्ष्यांची घरटी नाहीत. आधार, पक्षिमित्र मंडळाचा अहवाल. तीनच दिवसांपूर्वी तिने पलीकडच्या काठावरून त्या बेटात अकरा घरटी मोजली होती, त्यांतल्या नऊंवर पक्षी बसलेले होते. तिने फलक दोनदा वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अहवाल तयार करायचं काम मंडळाच्या सेक्रेटरीचं. हा विम्याची कामं करणारा माणूस, चार वर्षांपूर्वी मंडळात आलेला, मेहनती आणि टापटीप. सगळे त्याला विमावाला म्हणत. ती थेट त्याच्या ऑफिसात गेली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"रेघांचं काय केलंत?"

"कुठल्या रेघा, बाई?"

"घरट्यांच्या रकान्यातल्या."

"अच्छा, त्या. नगरपालिकेचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता. रेघ टाकली की रकाना लाल होतो, आकडाच मागतो. मग मी शून्य टाकलं. बाराही वर्षांना."

"आणि रेघ म्हणजे काय, ते कुणाला विचारलं नाहीत?"

"रेघ म्हणजे काही नाही, असंच ना? बिलात आम्ही तसंच धरतो." त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "मला कुणी सांगितलंच नाही, बाई. कोण सांगणार? घरट्यांवर बोलायचं नाही, असा नियम आहे म्हणे."

हे खरं होतं, म्हणून तिला आणखीच राग आला. विमावाल्याने कागद पुढे सरकवला. शून्यांची रांग, आणि खाली तिची स्वतःची सही, ऐसपैस. महिन्यापूर्वी दवाखान्याच्या पायरीवर, चष्मा डोक्यावर आणि हातात पिशवी असताना, 'बाई, एवढी सही' असं तो म्हणाला होता आणि तिने ती ठोकून दिली होती. प्रयोगशाळेत नव्या पोरींना ती पहिल्या दिवशी काय शिकवायची? जागा रिकामी म्हणजे तपासलं नाही, शून्य म्हणजे तपासलं आणि सापडलं नाही. न वाचता सही करणाऱ्या एका पोरीला तिने सगळ्यांदेखत रडवलं होतं. आता तिला रडवायला कुणी नव्हतं. ती जिन्यावरून उतरताना स्वतःलाच शिव्या घालत होती, आणि त्या चांगल्या ऐकू येतील एवढ्या मोठ्याने.

गुरुवारी ती डॉक्टरांकडे गेली. खुर्चीत एक पेशंट तोंडात कापूस घेऊन पडला होता. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हातमोजे नीट करत म्हणाले, "चूक झाली खरी. पण मंडळाने नगरपालिकेला पत्र द्यायचं म्हणजे आपला अहवाल खोटा असं आपणच म्हणायचं. इतक्या वर्षांची अब्रू आहे, बाई. शिवाय तलावाच्या सल्लागार समितीवर मला घेतायत. आत राहून जास्त करता येतं."

"सोमवारी घरटी जाणार, डॉक्टर. अंड्यांसकट."

"पुन्हा घालतात की ती अंडी. तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

"तुम्ही चुकून कुणाचा चांगला दात उपटलात, तर त्यालाही हेच सांगता? पुन्हा येईल म्हणून?"

खुर्चीतल्या पेशंटने डोळे उघडले. डॉक्टर हसले, कारण त्यांना हसण्यावारी न्यायची सवय होती, आणि त्यांनी तिला दारापर्यंत सोडलं. बारा वर्षांपूर्वी ती गार अंडी याच माणसाने तिच्याबरोबर पाहिली होती. त्याला सगळं माहीत होतं, आणि हेच तिला सहन होत नव्हतं. न कळणाऱ्याला समजावता येतं. कळून गोड बोलणाऱ्याचं काय करणार?

घरी नवरा पुढच्या खोलीत शिलाई मशीनच्या पोटात तेल सोडत बसला होता. मशीनदुरुस्ती हा त्याचा धंदा. घरात बसायच्या जागांपेक्षा मशीनच जास्त. तिने पिशवी आपटली, तसं त्याने वर न बघताच विचारलं, "कोणाचा बळी घेऊन आलीस?"

तिने सांगितलं.

"मंडळ लिहीत नाही, तर तू लिही. सही तुझीच आहे ना?"

"काय लिहू? माझी नोंद खोटी आहे म्हणून? अहो, पन्नास वर्षांत माझा एक आकडा चुकला नाही."

"मोजायला लागून तुला पन्नास वर्षं झाली?"

"झाली असतील. मोजली नाहीत." ती मटकन स्टुलावर बसली. तो हसला नाही. तेलाची बाटली बाजूला ठेवून एवढंच म्हणाला, "तू काय लिहिलंस ते पक्ष्यांना वाचता येत नाही. माणसांना येतं. तुला कोणाचं पडलंय तेवढं बघ."

शुक्रवारी ती नगरपालिकेत गेली. उद्यानखात्याचा इंजिनिअर वाईट माणूस नव्हता. त्याने बसायला खुर्ची दिली. तिने पिशवीतून वही काढली. त्याने हात लावायच्या आधीच सांगितलं, "ही दिलीत तर फाइलला लागेल, आणि फाइल कुणीही मागून बघू शकतो. घरट्यांच्या जागा आहेत का हिच्यात?"

होत्या. बारा वर्षांचे नकाशे होते. तिने वही परत पिशवीत घातली.

"मग दुसरं असं," तो म्हणाला. "सही करणाऱ्याने स्वतः लिहून द्यायचं, की नोंद चुकीची आहे. आधारच गेला म्हणजे मला काम थांबवावं लागतं. नवी पाहणी लावतो, तिला तीन महिने लागतात."

तीन महिन्यांत पिल्लं पोहत बाहेर पडतात. तिने मनातल्या मनात हिशेब केला.

"पण एक सांगून ठेवतो. हे पत्र लागलं की तुमच्या सहीचा एकही कागद इथे चालणार नाही. पक्ष्यांची मोजणीसुद्धा. एकोणीस वर्षांची."

"ती तर बरोबर आहे."

"असेल. पण खोटी नोंद केली असं तुम्हीच म्हणताय. मग कुठली खरी, हे मी कसं ठरवू?"

तिला त्याचा राग येत नव्हता, कारण त्याच्या जागी तीही हेच म्हणाली असती. राग बाकी सगळ्यांचा होता. फॉर्मचा होता, गोड हसण्याचा होता, पायरीवर घाईने केलेल्या सहीचा होता. तिने कागद मागून घेतला आणि पेन असं दाबून लिहिलं की खालच्या तीन पानांवर उमटलं. घरट्यांच्या बारा वर्षांच्या नोंदी चुकीच्या आहेत, जबाबदारी पूर्णपणे माझी. या वेळी सही करण्याआधी तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

सोमवारी पाणवनस्पती काढणारं यंत्र आलं नाही. फलक तेवढा राहिला.

पंधरा दिवसांनी मंडळाने शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात खास सभा बोलावली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. पत्राची प्रत डॉक्टरांनी अतिशय दुःखी आवाजात वाचून दाखवली. मंडळाचं नाव खराब झालं, समितीचं बोलणं फिसकटलं, आणि बाईंनी स्वतःच लिहून दिलंय, तेव्हा आपला नाइलाज आहे. ठराव असा, की खोटी नोंद केल्याबद्दल त्यांचं सदस्यत्व रद्द करावं.

"रेघ म्हणजे काय, हे इथल्या सगळ्या जुन्या माणसांना माहीत आहे," मोजणीबाई मागच्या बाकावरून म्हणाली. "कुणी उठून सांगणार आहे का?"

कुणी पायाकडे बघितलं, कुणी भिंतीवरच्या चित्रांकडे. तिने वाट पाहिली. दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण भीक मागायची तिला सवय नव्हती.

हजर एकोणचाळीस. ठराव पास व्हायला दोन तृतीयांश हवे, म्हणजे सव्वीस. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितलं आणि बोट नाचवत मोजायला सुरुवात केली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"पंचवीस," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटकाही होती. बाईंना काढलंही नाही आणि ठरावही मांडून झाला, म्हणजे पुन्हा सगळ्यांशी चांगलंच. "एक मत कमी पडतंय. ठराव—"

"सव्वीस," मोजणीबाई म्हणाली.

सगळे वळले.

"सेक्रेटरींचा धरला नाहीत. कोपरापर्यंतच आहे, कान खाजवल्यासारखा, पण वर आहे. विचारा त्यांना."

विमावाला लालबुंद झाला. त्याने हात खाली घेतला नाही आणि वरही नेला नाही. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली. मोजणीबाईने पिशवी खांद्याला लावली, बाकातून कशीबशी बाहेर निघाली आणि दारापाशी थांबून म्हणाली, "लिहा, सव्वीस."

इतिवृत्तात सव्वीस असंच लिहिलं गेलं, कारण तिचं मोजणं चुकलंय असं म्हणायला त्या सभेत एकही माणूस उठला नाही.