जाऊबाईंना दिलेला टेप

काल मिक्सरची वायर जोडताना सोल्डरिंगचा कडवट धूर नाकात गेला आणि वर्सोव्याचं आमचं अंगण आठवलं. लेकीच्या हळदीला मी थोरल्या जावेचा नवा स्पीकर मागितला, तर बाई पाहुण्यांसमोर म्हणाली, "नवऱ्याचा टेप पडलाय ना, तो डबाच वाजव!" आमचे मिस्टर जाऊन वर्ष होत आलेलं, आणि त्यांच्या टेपमध्ये कॅसेट कधीचीच फिरत नव्हती. मी रडले नाही. टेप उघडला, जुन्या इयरफोनची वायर कापली, तारेवरचं कोटिंग जाळलं, कारण त्याशिवाय सोल्डर धरतच नाही, आणि ती आतल्या, कॅसेट वाचणाऱ्या हेडच्या तारांना जोडून लेकीचा काडेपेटीएवढा गाण्यांचा एमपीथ्री प्लेयर लावला. काय झकास वाजला म्हणून सांगू! पुढच्या वर्षी जावेच्या मुलाच्या हळदीत लाईट गेली आणि तिचा स्पीकर मुका झाला. माझा टेप सेलवर चालायचा. बाई धावत आली, "दे ना गं, सगळे नाचायचे थांबलेत." दिला की! हसत, दोन्ही हातांनी दिला. प्लेयर तेवढा काढून ब्लाऊजमध्ये ठेवला. परत येऊन ओरडली, "अगं, यात गाणी कुठायत?" म्हटलं, "जाऊबाई, डबा आहे ना, तोच वाजवा." आज तिच्या मुलाबद्दल वाईट वाटतं मला. तिच्याबद्दल अजून नाही.